दाव्याला बांधलेलं विमान

मी आजवर एकदाही विमानात बसून वर गेलेलो नाही, तरी तीन विमान अपघात माझ्या नावावर आहेत. तिन्ही जमिनीवर झाले. विमान एकदा उभं होतं, एकदा रांगत होतं आणि एकदा चांगलं हार घालून सजवलेलं होतं. तिन्ही वेळा गुन्हेगार वारा होता. तिसऱ्या वेळी वाऱ्याच्या जोडीला मीही होतो.

हे गावात समजावून सांगायचं म्हणजे डोकेफोड. विमान पडलं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती उंचावरनं?"

"उंचावरनं न्हाय. उभ्या जागी पडलं."

"उभ्या जागी कसं पडंल? पिऊन आलतं काय?"

मग मी चपला घालून घराकडं वळतो. वाऱ्याचं आणि पंखांचं नातं पारावर बसलेल्या माणसांना समजावण्याइतका मी शिकलेला नाही, आणि शिकलेला असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं.

आमची शाळा विमान चालवायला शिकवणारी. बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ तो वेगळा, तिथं मोठी विमानं येतात, पोलीस असतात, गाडी लावायला पावती फाडतात. आमचं सगळं धाकटं. बेळगाव आणि निपाणीच्या मध्ये, हमरस्त्यापासून आत, एका उघड्याबोडक्या माळावर एक डांबरी पट्टी, एक पत्र्याची शेड, दोन खोल्या, भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि दोन विमानं. एक चार माणसांचं, एक दोन माणसांचं. त्यांच्या शेपटीवर इंग्रजी अक्षरं आहेत, शिकणारी मुलं त्या अक्षरांनी त्यांना ओळखतात. आम्ही त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणतो.

त्याआधी बारा वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत, लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या एका फाउंड्रीत होतो. जवळच्याच मच्छे गावात खोली घेऊन राहायचो, शनिवारी गावी यायचो. भट्टीच्या धुरानं खोकला धरला आणि डॉक्टरांनी मोकळ्या हवेत काम बघा म्हणून सांगितलं. योगायोगानं आमच्या शेताला लागूनच ही शाळा निघाली. मोकळी हवा मिळाली, जरा जास्तच मिळाली. माझं काम म्हणजे विमानं धुवायची, ढकलत बाहेर काढायची, आत घ्यायची, आणि बाहेर ठेवायची असली तर दोरांनी बांधायची. जमिनीत सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या लोखंडी कड्या आहेत, पंखाखाली आणि शेपटीखालीही कडी असते. या कडीतून त्या कडीत दोर ताणून बांधायचा आणि चाकांना मागून पुढून लाकडी ठोकळे लावायचे.

मी हे पहिल्या दिवशी घरी कौतुकानं सांगितलं. आमचे आप्पा तंबाखूच्या रोपांना पाणी घालून आले होते, पाय धूत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे गोठ्यातलंच काम की."

आणि पाय पुसता पुसता म्हणाले, "आणि बांधायला तुला ठेवलंय?"

या प्रश्नाला तीस वर्षांचा इतिहास आहे. मी बारा वर्षांचा असताना एकदा संध्याकाळी बैल बांधला. गाठ सुटली. बैल शेजारच्यांच्या हरभऱ्यात गेला आणि सकाळपर्यंत त्यानं ते रान मोकळं करून टाकलं. शेजारी आठ दिवस आमच्या दारात येऊन बोलत होते. तेव्हापासून आप्पांनी माझ्या हातच्या गाठीवर विश्वास टाकला नाही. मी वैरणीचा भारा बांधला की ते सोडून परत बांधत. मी गाडीला पोतं बांधलं की मागून येऊन हात फिरवत आणि पुन्हा आवळत. लग्नाच्या मांडवात मुंडावळ्यासुद्धा त्यांनीच पुन्हा बांधल्या, सगळ्यांच्या देखत. पाहुणे आले की हरभऱ्याची गोष्ट ठरलेली. बायकोनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ती तीनदा ऐकली. मला दोन मुलं झाली, फाउंड्रीत माझ्या हाताखाली सहा माणसं होती, पण आमच्या गोठ्यात दाव्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. मला याचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग कमी आणि वाईट जास्त वाटायचं.

त्यांची स्वतःची गाठ मात्र बघण्यासारखी. दोन वेढे, एक फास आणि शेवटी दाव्याचा शेंडा उलटा वळवून आत खोवायचा. बैलानं कितीही ओढलं तरी ती आवळतच जाते, आणि माणसानं तो खोवलेला शेंडा ओढला की एका झटक्यात सुटते. आमच्या पंचक्रोशीत तशी गाठ कुणी मारत नाही.

तर पहिला अपघात आषाढात झाला. आमच्या माळावर आषाढात वारा असा असतो की बोलताना वाऱ्याकडं पाठ करून उभं राहावं लागतं. धाकट्याला दोर बांधायला मी शेडमधून निघालो, आणि मी पोचेपर्यंत ते उभ्या जागी गर्रकन फिरलं आणि त्याची शेपटी पाण्याच्या टाकीवर आपटली. टाकी फुटली. विमानाचं फार बिघडलं नाही, पण दोन दिवस आम्हाला हमरस्त्यावरच्या हॉटेलातून पाणी आणावं लागलं.

दुसरा अपघात मार्गशीर्षात. एक शिकणारा मुलगा उतरून विमान रांगत परत आणत होता, वारा बाजूनं मारत होता. अशा वेळी आम्ही पंखाचं टोक धरून बरोबर चालतो, बेंदराच्या मिरवणुकीत बैलाच्या बाजूनं चालतात तसं. वाऱ्याचा एक झोत आला, पंख वर उचलला आणि पंखाबरोबर मी. एक हातभर वर गेलो असेन. खाली आलो तेव्हा दुसऱ्या बाजूचा पंख जमिनीला घासून वाकला होता आणि आतला मुलगा काचेतून माझ्याकडं आ वासून बघत होता. माझा सगळा विमानप्रवास एवढाच.

या दोन्हींत कुणी मला बोललं नाही. आमचे मोठे सर म्हणजे शिकवणारे मुख्य सर, धारवाडकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले, तसा कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या अपघातानंतर त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "हे बघ, उडणारं विमान मी सांभाळतो. उभं विमान तुझं." मला हे फार आवडलं. घरी येऊन मी ते दोनदा सांगितलं. आप्पा उठून बैलाचं दावं बघायला गेले.

मग आली खंडेनवमी.

उद्यमबागेत खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आदल्या दिवशी सगळी यंत्रं पुसायची, पाने, हातोडे, कानशी ओळीनं मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. हत्यार त्या दिवशी देव असतं, देवाकडून काम करून घ्यायचं नाही. बारा वर्षांत मी हा नियम कुणी मोडलेला बघितला नाही. आमच्या शाळेत मात्र पूजा म्हणजे सर एक नारळ फोडणार आणि सगळे पेढा खाऊन घरी जाणार. मला ते बघवेना. यंदा मी करतो म्हणून मी पुढं झालो.

माझ्या मदतीला आमचे मिस्त्री होते. इंजिनाचं सगळं तेच बघतात. मच्छ्याचे, माझ्यासारखेच उद्यमबागेतून आलेले, साठीला टेकलेले, वजनाला क्विंटलभर आणि देवाधर्माचे पक्के. आम्ही दोघांनी शेड रिकामी केली, झाडली, दारात रांगोळी काढली. बाजूला जेवणासाठी कापडी मांडव घातला. शेडमध्ये पूजा मांडायची म्हणून दोन्ही विमानं बाहेर काढली, धुतली, हार घातले. सर म्हणाले, "आयुधपूजा करा, पण विमानं बांधलेली असू द्या." मी होय सर म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

पण मग मी दोरांकडं बघितलं. विमानं लखलखीत आणि दोर काळेमिट्ट, तेलकट. आमच्या घरी खंडेनवमीला नांगर, कुळव, खुरपी यांच्याबरोबर दावीसुद्धा धुऊन पूजेत ठेवतात. बैलाचं ते हत्यारच. मला वाटलं, विमानाचं दावं पूजेत नको? सहाही दोर सोडले, सोड्यानं धुतले, वाळवले आणि पान्यांच्या शेजारी वेटोळी करून मांडले. ठोकळेही मांडले. प्रत्येक चाकाखाली मिस्त्रींनी पुढच्या बाजूनं एकेक लिंबू सारलं. म्हणजे दोर गेले, ठोकळे गेले आणि दोन विमानं लिंबांवर उभी राहिली.

माझा विचार असा होता की पूजा झाली की हळूच दोर उचलून परत बांधायचे. पण आरती संपून मी दोराला हात घालतोय तोच मिस्त्री ओरडले, "आर्र, काय करायलास? पुजलेल्याला हात लावतोस?"

"मिस्त्री, बांधायला पायजेत की."

"उद्या बांध. आभाळ बघ कसं निळं हाय. एक दिवसानं काय हुतंय?"

खरं म्हणजे मी ऐकायला नको होतं. पण मलाही ते पटलं, कारण बारा वर्षांची सवय. शिवाय पान्यांशेजारी वेटोळी घातलेले ते दोर इतके छान दिसत होते की मलाच उचलवेनात. सर जेवणाला बोलावलेल्या पाहुण्यांना आणायला सांबऱ्याला गेले. मुलं सुट्टीला घरी गेलेली. माळावर मी, मिस्त्री, आणि चुलीवर गव्हाची खीर, जिला आम्ही हुग्गी म्हणतो.

तीन वाजता वारा पडला. अगदी पडला. धावपट्टीशेजारची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, जिला आप्पा झबलं म्हणतात, सरळ खाली लोंबायला लागली. कुंपणापलीकडं आप्पा बांधावर बैल चारत होते. त्यांनी हाक मारली, "आरं, ती जनावरं आत घे. वळीव हाय."

"दसऱ्याला कुठला वळीव, आप्पा?" मी म्हणालो.

पाऊण तासात निपाणीच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि धुळीची एक भिंत माळावरून आमच्याकडं निघाली. मी धावलो. शेडकडं धावावं की विमानांकडं हेच कळेना. आधी विमानांकडं गेलो, कारण दोन्ही हलायला लागली होती. ब्रेक लावलेला होता, पण चाकच जमिनीवरून उचललं तर ब्रेक काय करणार?

"आप्पा, दावं टाका!" मी बोंबललो.

आप्पांनी काही विचारलं नाही. बैलाचं दावं सोडलं, बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला घराकडं पिटाळलं आणि दाव्याची गुंडाळी कुंपणावरून फेकली. दावं एक आणि विमानं दोन. धाकटं हलकं, ते आधी जाणार म्हणून मी वाऱ्याकडच्या बाजूनं त्याचा पंख जमिनीतल्या कडीला बांधला.  कशी गाठ मारली ती मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या पंखाला मिस्त्री लोंबकळले. देवानं त्यांना एवढं वजन का दिलं ते त्या दिवशी मला कळलं.

"मिस्त्री, धरून ठेवा. मी दोर आणतो!"

"पुजलेल्या दोराला हात लावू नको रं!" मिस्त्री लोंबकळत, डोळे गच्च मिटून ओरडले आणि पुन्हा देवाचं नाव घ्यायला लागले.

मी शेडकडं पळालो. पण दारात पोचेपर्यंत जेवणाचा मांडव वाऱ्यानं उचलून शेडच्या तोंडावर आणून टाकला होता. कापड, बांबू, सुतळ्या, सगळा गुंता. मी आत शिरायची धडपड करत होतो तेवढ्यात पाऊस आला आणि मागून आवाज झाला. मी वळून बघितलं. थोरलं विमान हळूच मागं सरकलं, एक पंख वर केला, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि उलटं झालं. धाडकन नाही, अगदी सावकाश, दुपारी जेवून माणूस खाटेवर आडवा होतो तसं. पाठ जमिनीला, चाकं आभाळाला. झेंडूचा हार अजून नाकावरच होता. आणि खाली, मघाशी चाकं होती तिथं, तीन लिंबं जशीच्या तशी.

मी ते गुंत्यात उभा राहून बघितलं. मी मोठा माणूस, पण मला रडू आलं.

वारा अर्ध्या तासात गेला. धाकटं जागेवर होतं. मिस्त्रींनी डोळे उघडले आणि विचारलं, "वाचलं काय?"

सर परतले ते पाहुण्यांशिवायच. पाहुण्यांचं विमान सांबऱ्यावर घिरट्या घालून दुसरीकडं गेलं होतं. सरांनी उलटं थोरलं बघितलं, पूजेतले दोर बघितले, चाकांखालची लिंबं बघितली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बेंगळुरूहून विमान खात्याचे साहेब येतील तपासायला. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. त्यांना तू स्वतः सांग, दोर कुणी काढले ते. तुझ्या नोकरीचं त्यानंतर बघू."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नोकरी गेली तर पुन्हा भट्टी, पुन्हा मच्छ्याची खोली, पुन्हा खोकला. हे बायकोला सांगायची सोय नव्हती, तिला ते आधीच कळलं होतं. त्याहून वाईट म्हणजे हरभऱ्यानंतर आता गावाला विमान मिळालं होतं. बैल सोडला तेव्हा मी पोरगा तरी होतो.

त्यात घरी वेगळीच अडचण. कशाला हात लावायचा नाही म्हटल्यावर बैलाचं दावंही विमानालाच. घरात दुसरं होतं ते पूजेत ठेवायचं जुनं, कुजकं दावं आणि ऐन दसऱ्यात दुकानं बंद, म्हणून आईनं आपलं जुनं लुगडं दिलं. आमचा बैल हिरव्या काठाच्या लुगड्यानं बांधलेला बघायला शिलंगणाचं सोनं द्यायला आलेली माणसं मुद्दाम गोठ्यात जात होती. आप्पा त्यांना सोनं देऊन वाटेला लावत होते. मला वाटलं होतं ते मला चांगलं झोडपतील. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. बारीक चणीचे, चष्मा, गळ्यात कॅमेरा, हातात टेप. त्यांनी उलट्या विमानाचे चारी बाजूंनी फोटो काढले, जमीन मोजली, रिकाम्या कड्या मोजल्या. मग कानडीत विचारलं, "दोर कुठं होते?"

"पूजेत, साहेब."

"कुणी काढले?"

"मी. धुवायला काढले आणि पूजेत ठेवले. मग पुजलेले उचलायचे नाहीत म्हणून उचलले नाहीत."

"ठोकळे?"

"तेही पूजेत."

"मग चाकांखाली काय होतं?"

मी सरांकडं बघितलं. सर आभाळाकडं बघत होते. "लिंबू," मी म्हणालो.

साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मिस्त्री पुढं झाले, "साहेब, दोर उचलू नको म्हणून मीच सांगितलं. माझंही नाव लिवा." मला मिस्त्रींच्या पाया पडावंसं वाटलं. साहेबांनी त्यांचं नाव लिहिलं, पण माझं खोडलं नाही.

मग ते धाकट्याकडं गेले. दोन दिवस कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. दाव्याला शेणाचा वास येत होता, साहेबांनी रुमालानं धरून ते ओढून बघितलं. ताठ होतं. त्यांनी सगळं अंग टाकून ओढलं, विमानाचा पंख हलला नाही. "हे एकच वाचलं ते या गाठीमुळं," ते सरांना म्हणाले. "पंखाला लोंबकळलेला माणूस एवढा वारा थोपवू शकत नाही. कुणी बांधली ही?"

सर म्हणाले, "यानंच. भर वाऱ्यात." त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. "तेवढं एक त्यानं नीट केलं म्हणायचं."

माझ्या जिवात जीव आला. मी दोन पावलं पुढं होऊन गाठ बघितली आणि आलेला जीव परत गेला. दोन वेढे, एक फास, आणि शेंडा उलटा वळवून आत खोवलेला.

ती माझी गाठ नव्हती.

मी मान वर केली. कुंपणापलीकडं आप्पा उभे होते, सकाळपासून होते, दावं कधी मिळतंय याची वाट बघत. त्यांच्यापासून चार हातांवर तारेच्या काट्यात पांढऱ्या धोतराची एक चिंधी अडकली होती. मग मला सगळं समजलं. मी मांडवाच्या गुंत्यात असताना, मिस्त्री डोळे मिटून लोंबकळत असताना, सत्तरीचा म्हातारा तारेखालून घुसला होता. वाऱ्यात उलटू पाहणाऱ्या धाकट्याच्या शेजारी बसून त्यानं माझी गाठ सोडली होती आणि स्वतःची मारली होती. भाऱ्याची सोडायचा तशी, पोत्याची सोडायचा तशी.

बाहेरच्या माणसाला आत यायची सक्त मनाई. हेही साहेब लिहिणार होते. पण खोटं बोलून नोकरी ठेवायची हेही मला जमेना. मी म्हणालो, "साहेब, ही गाठ माझी..."

"त्याचीच हाय ती!" कुंपणापलीकडून आवाज आला. "मी हितनं बघितलंय. भर वाऱ्यात त्यानंच बांधली."

साहेब वळले. "हे कोण?"

"बा हाय मी त्याचा," आप्पा म्हणाले. कानडी त्यांना मराठीइतकीच येते, पण इतकं सलग कानडी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, दोर काढायची चूक त्यानं केली, ती चूकच. पण बांधायचं म्हणाल तर त्याचा हात ल्हानपणापास्नं पक्का. त्यानं बांधलेलं जनावर आजवर एकदा बी सुटलं न्हाय. गावात कुणालाबी विचारा."

गावात कुणालाही विचारलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. साहेबांनी सुदैवानं कुणाला विचारलं नाही. त्यांनी मला म्हटलं, "सोड बघू. मला फोटो काढायचाय."

मी खाली बसलो. तीस वर्षं मला त्या गाठीला हात लावू दिला नव्हता, पण तीस वर्षं मी ती रोज बघितली होती. खोवलेला शेंडा सापडला, ओढला. एका झटक्यात सुटली. साहेबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी गप्प राहिलो. ते खोटं मी अजून कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, इथं पहिल्यांदाच करतोय.

कागदावर अपघाताचं कारण जोराचा वारा आणि न बांधलेलं विमान असं आलं. मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. शेडवर आता कानडी, मराठी आणि इंग्रजीत पाटी आहे की पूजेसाठी दोर काढू नयेत. आम्ही बांधलेल्या दोरांनाच हळदकुंकू लावतो. मिस्त्री लिंबं अजून ठेवतात, पण ठोकळ्यांच्या शेजारी.

त्या संध्याकाळी मी आणि आप्पा दावं घेऊन घरी निघालो. आप्पांनी दाव्याचा वास घेतला. "पेट्रोल लागलंय. बैल घेतोय काय बघाय पायजे."

"आप्पा, तुम्ही आत कवा आलता?"

"कुठं?"

"धोतर कुठं फाटलं?"

"बोरीच्या काट्यानं," ते म्हणाले. आमच्या शेतात बोर नाही.

"पण मी बांधलं व्हतं की. सुटलं असतं काय?"

त्यांनी दाव्याची गुंडाळी खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "म्हाईत न्हाय. तसंच ठेवलं असतं तर कळलं असतं. पर तू आत हुतास, आन् ते समदं तुझं हुतं. मला ऱ्हावलं न्हाय."

गोठ्यात बैल आईच्या लुगड्याला बांधून उभा होता. आप्पांनी लुगडं सोडलं, घडी केली आणि दावं माझ्या हातात दिलं. "बांध," म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

मी दोन वेढे घेतले, फास घातला, शेंडा उलटा वळवून आत खोवला. वळून बघितलं तर आप्पा मागं नव्हते. पाय धुऊन ते सरळ आत गेले होते आणि आईला जेवायला वाढ म्हणत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाठीमागं कुणी आलं नव्हतं. पानावर बसण्याआधी मीच दोनदा गोठ्यात जाऊन ती ओढून बघितली.